बिबट्या, अस्वल आणि स्वसंरक्षणाचे साधन

हिंस्र प्राण्यापासून बचावाचे साधन निवडताना दोन प्रश्न आधी सोडवावे लागतात. प्राणी माणसाच्या अंगावर कशासाठी येतो, आणि त्या घडीला माणूस काय करत असतो. बंदूक, काठी, मिरचीचा फवारा, फटाके, बॅटरी यांची तुलना कोणाचा मारा जबर एवढ्यावरच केली, तर निवड हमखास चुकते. एका प्राण्यापुढे पालथे पडून राहिल्याने जीव वाचतो आणि दुसऱ्यापुढे तसेच पडल्याने जीव जातो. म्हणून साधनाचा विचार प्राण्यापासून सुरू व्हायला हवा.

त्यासाठी सुपा आणि त्याच्या भोवतालचा मुलूख पाहू. सुपा हे पुणे–अहिल्यानगर रस्त्यावरचे, अहिल्यानगर जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातील गाव. एका बाजूला औद्योगिक वसाहत, दुसऱ्या बाजूला माळरान, उघडे डोंगर आणि ज्वारी-बाजरीची जिराईत शेते. तालुक्याच्या पश्चिम अंगाला चित्र बदलते. कुकडी कालव्याचे पाणी जिथे पोहोचले, त्या निघोज-अळकुटीच्या बाजूला ऊस दिसू लागतो आणि पुढे शिरूर, जुन्नर, आंबेगावचा सलग ऊसपट्टा लागतो. या मुलखात अस्वल नाही. महाराष्ट्रातले अस्वल मेळघाटात, ताडोब्यात, गडचिरोली-गोंदियाच्या जंगलांत आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा-अंबाबरवा भागात आढळते. पारनेरच्या शेतकऱ्याची, मेंढपाळाची आणि ऊसतोड मजुराची गाठ पडते ती बिबट्याशी. तरीही सुरुवात अस्वलापासून करणे सोयीचे आहे, कारण बचावाच्या साधनांची नेटाने मोजदाद झाली आहे ती अस्वलांच्याच बाबतीत.

ही मोजदाद अमेरिकेतील अलास्का राज्यातली. अस्वलांचे अभ्यासक टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ ते २००६ या काळातल्या, मिरचीचा फवारा वापरला गेलेल्या ८३ घटना तपासल्या. तपकिरी अस्वलांच्या बाबतीत फवाऱ्याने १०० पैकी ९२ वेळा अस्वलाचे आक्रमक वागणे थांबले. जवळून सामना होऊन फवारा वापरणाऱ्यांपैकी ९८ टक्के लोकांना कोणतीही इजा झाली नाही आणि ज्यांना झाली त्यांच्या जखमा किरकोळ होत्या. वाऱ्यामुळे फवाऱ्याचा नेम बिघडल्याच्या घटना मोजक्याच निघाल्या. त्याच अभ्यासकांनी २०१२ मध्ये बंदुकीचाही हिशेब मांडला. १८८३ ते २००९ या काळातल्या २६९ घटनांत ज्यांनी बंदूक चालवली आणि ज्यांच्याकडे असूनही चालवली नाही, अशा दोन्ही गटांच्या इजांमध्ये सांख्यिकीदृष्ट्या फरक आढळला नाही. बंदूक अस्वलाला मारू शकते याबद्दल वाद नाही. पण ती खांद्यावरून उतरवून, खटका मागे घेऊन, धावत येणाऱ्या जनावराच्या मर्मावर गोळी बसवायला जेवढे क्षण लागतात तेवढे अस्वल देत नाही. फवाऱ्याला इतका अचूक नेम लागत नाही. समोर तिखट ढग उभा राहिला की काम होते.

या निष्कर्षांच्या आधारे अलास्कात आणि कॅनडात फवारा हे पहिले साधन मानले गेले. मात्र तिथल्या तपकिरी अस्वलाचा हल्ला बहुधा बचावाचा असतो. पिल्ले जवळ असतात, खाण्यावर कोणी आलेले असते किंवा वळणावर अचानक गाठ पडलेली असते. असे अस्वल समोरून येते, दिसते, आणि पुष्कळदा धाव अर्धवट सोडून माघारी फिरते. फवाऱ्याचे यश या वागण्यावर उभे आहे. काळ्या अमेरिकी अस्वलाच्या बाबतीत हेरेरो आणि सहकाऱ्यांनीच वेगळे चित्र मांडले. १९०० ते २००९ या काळात त्याने मारलेल्या ६३ माणसांच्या बाबतीत बहुतेक हल्ले शिकारीच्या हेतूने झाले होते. ते अस्वल गुरगुरत येत नाही, गुपचूप माग काढत येते. म्हणून तिथले वनाधिकारी तपकिरी अस्वलाने झडप घातली तर पालथे पडून मान झाका असे सांगतात, आणि काळ्या अस्वलाने हल्ला केला तर जिवानिशी झुंज द्या असे सांगतात. दोन्ही अस्वलेच, पण हेतू बदलला की उपाय बदलतो.

विदर्भातले अस्वल पहिल्या जातकुळीचे. त्याची नजर अधू, नाक तीक्ष्ण आणि ध्यान बहुतेक वेळ वारुळात किंवा पडलेल्या मोहफुलांत. माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला चाहूल लागत नाही, आणि लागली की ते पळण्याऐवजी अंगावर येते. वाघाच्या सहवासात राहणाऱ्या या प्राण्याला झाडावर चढून सुटका मिळत नाही, कारण बिबट्याही झाडावर चढतो. उभे राहून लढणे हाच त्याने शिकलेला बचाव, असा अभ्यासकांचा तर्क आहे आणि तो पटण्याजोगा आहे. पाठीवर पिल्ले घेतलेली मादी तर हमखास धावते. तिचा मारा डोक्यावर आणि चेहऱ्यावर असतो. मध्य प्रदेशात १९८९ ते १९९४ या पाच वर्षांत नोंदल्या गेलेल्या सातशेहून अधिक घटनांत ४८ माणसे दगावली. म्हणजे बहुतेक माणसे वाचतात, पण पुष्कळांचे डोळे, ओठ, गाल कायमचे जातात. मोहाचा हंगाम उन्हाळ्याच्या तोंडाला येतो आणि फुले वेचायला बाया पहाटेच्या अंधारात निघतात. अस्वलही त्याच वेळी त्याच झाडाखाली असते.

अस्वलासाठी सर्वांत परिणामकारक साधन म्हणजे आवाज. काठी खडकावर आपटत चालणे, मोठ्याने बोलणे, तिघा-चौघांनी मिळून जाणे आणि पुरते उजाडल्यावर निघणे. अस्वलाला आधी कळले की ते बाजूला होते. गाठ पडलीच आणि अंतर असले, तर न पळता हळूहळू मागे सरकायचे. अंगावर आलेच तर पालथे पडावे, तोंड जमिनीत दडवावे, दोन्ही हातांची बोटे मानेमागे गुंफावीत आणि ते दूर जाईपर्यंत हलू नये. कुऱ्हाडीचा एक घाव घालून अस्वल आडवे करू, अशा भरवशावर जाणारा माणूस चेहरा उघडा ठेवून लढतो आणि नेमका तिथेच जखमी होतो.

बिबट्याच्या बाबतीत यातले जवळजवळ सगळे उलटे आहे.

भारतीय नर बिबट्याचे वजन साधारण ५० ते ७० किलो, मादीचे त्याहून बरेच कमी. म्हणजे तो माणसापेक्षा फार मोठा नाही, आणि हे त्याच्या वागण्यातून दिसते. तो दबा धरून शिकार करतो. सावजाच्या मागून येतो, मान पकडतो. सावज निवडताना तो उंची आणि आकार पाहतो. कुत्रे, शेळी, वासरू, डुक्कर हे त्याच्या मापातले. उभा माणूस त्याच्या मापात बसत नाही. बसलेला, वाकलेला माणूस आणि लहान मूल मात्र बसते. बिबट्याच्या हल्ल्यात बळी पडलेल्यांमध्ये अंगणात खेळणारी, संध्याकाळी घराबाहेर शौचाला बसलेली किंवा आईच्या मागे रेंगाळलेली मुले इतकी का असतात, याचे कारण यातच आहे. गवत कापणारी, भाजी खुडणारी, वाकून खुरपणारी बाई त्याला पाठीमागून चौपायासारखी दिसते.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्याच अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी स्वयंचलित कॅमेरे लावून बिबटे मोजले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार शेतीने व्यापलेल्या, दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहणाऱ्या त्या खोऱ्यात १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ४.८ प्रौढ बिबटे होते. तरसेही जवळपास तेवढीच. बिबट्यांच्या विष्ठेच्या तपासणीतून दिसले की पोटात जाणाऱ्या मांसापैकी ८७ टक्के पाळीव जनावरांचे होते आणि ३९ टक्के एकट्या कुत्र्याचे. इतक्या दाट वस्तीत इतके बिबटे असूनही अभ्यासाच्या काळात तिथे माणसाचा बळी गेला नव्हता. अकोल्याच्या डोंगरी भागात महादेव कोळी समाज वाघबारस पाळतो आणि वाघोबाची ठाणी पुजतो. त्या समाजाला या शेजाऱ्याच्या सवयी पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. पारनेर-शिरूरच्या ऊसपट्ट्यात बिबट्या कालव्याच्या पाण्यामागून आला, म्हणून ही जाण तिथे अजून पुरती रुजलेली नाही.

ऊस बिबट्याला सर्व काही देतो. आडसाली ऊस दीड वर्ष उभा राहतो. आत गारवा, पाणी आणि आडोसा असतो. मादी तिथे विते. त्या पिल्लांनी जंगल कधी पाहिलेलेच नसते, त्यांना घर माहीत असते ते सरीचे. गावाची कुत्री, उकिरड्यावरची डुकरे आणि उघड्यावर बांधलेल्या शेळ्या हा त्यांचा रोजचा शिधा. तोडणी सुरू झाली की आडोसा एका दिवसात नाहीसा होतो आणि बिबटे फडाफडांतून सरकू लागतात. गाठी वाढतात त्या या काळात.

अशा प्राण्यापुढे हातातल्या शस्त्राची किंमत किती? बिबट्याने हल्ला केला हे माणसाला कळते ते बहुधा पंजा अंगावर पडल्यावर. उत्तराखंडातल्या रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्याने १९१८ ते १९२६ या काळात नोंदीनुसार १२५ माणसे मारली. त्या मुलखात परवान्याच्या बंदुका होत्या, लष्करातून परतलेले जवान होते, सरकारने शिकाऱ्यांना खास परवाने दिले होते. तरी आठ वर्षे तो हाती लागला नाही. शेवटी जिम कॉर्बेट यांनी त्याला मारले ते रात्रीमागून रात्री बसून दबा धरल्यावर, म्हणजे बिबट्याच्याच पद्धतीने. बंदूक हे शिकारीचे साधन ठरले, पण वाटसरूच्या बचावाचे ठरले नाही.

बंदुकीबद्दल कायद्याचीही बाजू स्पष्ट असावी. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये बिबट्या आणि अस्वल दोन्ही पहिल्या अनुसूचीत आहेत. त्याच कायद्याच्या कलम ११ नुसार स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी सद्‌हेतूने वन्यप्राण्याला मारले किंवा जखमी केले तर तो गुन्हा ठरत नाही. मात्र त्या क्षणी माणूस स्वतःच या कायद्याविरुद्ध काही करत असेल, तर हे संरक्षण त्याला मिळत नाही. मेलेला प्राणी सरकारची मालमत्ता असतो. जीव वाचवताना काठी-कुऱ्हाड उगारायला कायदा आडवा येत नाही, हे गावोगाव नीट सांगितले गेले पाहिजे. नाहीतर भीतीपोटी हात आखडतात, किंवा रागाच्या भरात पिंजऱ्यातल्या जनावरावर दगड पडतात.

मिरचीच्या फवाऱ्याचा मोह इथेही होतो. अस्वलासाठीचे डबे सात-आठ मीटर लांब तिखट ढग सोडतात. शहरात महिलांच्या सुरक्षेसाठी मिळणारी छोटी बाटली त्या कामाची नाही. तिचा पल्लाही थोडा आणि मालही थोडा. मोठा डबा मिळाला, तरी बिबट्या आधी दिसला पाहिजे, आणि तो दिसत नाही. उसाच्या दाट सरीत उलट वाऱ्याने तो ढग माणसाच्याच डोळ्यांत यायचा. फवारा वाईट नाही, पण ज्या हल्ल्यासाठी तो सिद्ध झाला तो हल्ला वेगळा आहे.

फटाके आणि डबे वाजवणे ही जुनी रीत. बिबट्या गावात शिरलेला असताना त्याला वाट मोकळी ठेवून आवाज केला तर तो निघून जातो. पण फडात लपलेल्या बिबट्याला चारी बाजूंनी घेरून सुतळी बॉम्ब लावणे म्हणजे त्याला माणसांच्या कड्यातून बाहेर पडायला भाग पाडणे. बिबट्या पकडण्याच्या कामात बघ्यांची गर्दी जमते तेव्हा माणसे जखमी होतात त्यामागे हेच असते. त्या वेळी सर्वांत उपयोगाचे साधन म्हणजे गर्दी मागे हटवणारा पोलीस पाटील.

लुकलुकणाऱ्या दिव्यांचा अनुभव आशादायक आहे. चिलीच्या उंच पठारावर लामा आणि अल्पाकांच्या कळपांभोवती आपोआप रंग आणि वेग बदलणारे दिवे लावले, तेव्हा प्युमा या मोठ्या मांजराने जनावरे मारणे कमी झाले. तिथल्या कोल्ह्यांवर मात्र त्याचा परिणाम झाला नाही. मांजरवर्गीय प्राणी नव्याला बिचकतो, पण तेच ते रोज दिसले की सरावतो. सुंदरबनात १९८६ पासून मजुरांनी डोक्याच्या मागे मुखवटे बांधून पाहिले. मागून येणारा वाघ तोंड पाहून थबकत असे. काही काळाने तो परिणाम ओसरला. म्हणून दिवे किंवा रेडिओ लावायचे तर त्यांची जागा आणि वेळ बदलत राहिली पाहिजे. फडाच्या एकाच कोपऱ्यावर महिनोन्‌महिने लटकणारा दिवा शेवटी माणसालाच धीर देतो.

शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये थोड्या दिवसांच्या अंतराने तीन बळी गेले आणि त्यानंतर नेमबाजांनी एक नर बिबट्या मारला. त्या दिवसांत तिथल्या शेतकऱ्यांनी गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालायला सुरुवात केली. ही कल्पना मेंढपाळांच्या कुत्र्यांच्या काट्याच्या पट्ट्यावरून आलेली आहे आणि तिच्यामागची समज बरोबर आहे : बिबट्या मान धरतो, म्हणून मान झाकायची. जाड घोंगडीची खोळ किंवा डोक्या-मानेभोवती घट्ट गुंडाळलेला टॉवेलही थोडे काम करतो. पण पट्टा हे हल्ला झाल्यानंतरचे साधन आहे. पाच वर्षांच्या मुलाच्या गळ्यात तो दिवसभर राहणार नाही, आणि रात्रपाळीच्या मजुराच्या गळ्यात असला तरी पंजाच्या जखमा चुकत नाहीत. लोकांना गळ्यात खिळे घालून शेतात जावे लागणे ही त्यांच्या हुशारीची गोष्ट असली, तरी व्यवस्थेच्या दृष्टीने ती लाजिरवाणी आहे.

धनगरांच्या वाड्यावर मात्र अनेक उपाय एकत्र दिसतात. मेंढरे रात्री वाघरीत म्हणजे जाळ्यात दाटीने कोंडलेली, राखणीला कुत्री, माणसे उठून फिरणारी आणि बिऱ्हाड उघड्या माळावर, झुडपापासून लांब. सुप्याच्या माळावर मेंढ्या बसवतात तेव्हा ही मांडणी पाहायला मिळते. यात एकही भारी शस्त्र नाही. बिबट्याला आडोसा न देणे, सावज एकटे न सोडणे आणि त्याच्या आधी आपल्याला कळणे, ही तीन कामे यात होतात. गावातल्या गोठ्याला हाच नियम लागतो. चारी बाजूंनी जाळी, वर छत, खाली फट नाही आणि दाराला कडी. कुडाचा गोठा बिबट्या सहज फोडतो. उघड्या गोठ्यात एकदा शेळी मिळाली की तो पुन्हा येतो आणि शेजारच्या ओसरीवर झोपलेले मूल त्याच्या वाटेत येते. म्हणून बंदिस्त गोठ्याकडे जनावरांच्या राखणीचे साधन म्हणूनच पाहिले जाते, पण खरे तर तो घरातल्या मुलांच्याही बचावाचे साधन आहे. तेच उकिरड्याचे आणि मोकाट कुत्र्यांचे. चिकनच्या दुकानांचा कचरा रस्त्याकडेला पडला की कुत्री वाढतात, आणि कुत्री वाढली की बिबट्या घराजवळ येतो.

यानंतरचा विषय विजेचा आहे, आणि ऊसपट्ट्यात बचावाचा सगळा विचार अखेर तिथे येऊन ठेपतो. शेतीपंपांना वीज आळीपाळीने मिळते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की शेतकऱ्याला मध्यरात्री दारं धरायला जावे लागते. तो एकटा असतो. पाट फोडताना आणि सरीला पाणी सोडताना त्याला वाकावे लागते. बॅटरीचा झोत जमिनीवर असतो, पाण्याच्या आवाजात चाहूल लागत नाही आणि दोन्ही बाजूंना माणसाहून उंच ऊस असतो. बिबट्या कुणावर हल्ला करतो याचे वर्णन आधी केले, त्यातली एकही गोष्ट इथे सुटत नाही. अशा माणसाच्या हातात बंदूक, फवारा किंवा पट्टा देणे म्हणजे त्याला चुकीच्या जागी चुकीच्या वेळी उभे करून नंतर चिलखत चढवणे आहे. राज्यात २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. शेतीपंपांना दिवसा सौरवीज देणे हा तिचा उद्देश आहे. ती योजना स्वस्त विजेची म्हणून सांगितली जाते. बिबटक्षेत्रात ती जीव वाचवणारी योजना आहे.

तोवर रात्री जावेच लागले तर दोघांनी जावे. एकाने पाणी फिरवावे आणि दुसऱ्याने उभे राहून बॅटरी फिरवत राहावे, कारण प्रकाशात चमकणारे डोळे वाकलेल्या माणसाला दिसत नाहीत. मोबाइलवर गाणी किंवा बोलणे सुरू असावे. हातात लांब काठी असावी. तिचा उपयोग मारण्यापेक्षा उंच उगारण्यासाठी अधिक. घराभोवतीचा ऊस काही हात मागे ठेवून मधली पट्टी मोकळी राखली, तर ओसरी आणि फड यांच्यामध्ये बिबट्याला लपता येत नाही.

सर्वांत उघडे राहतात ते ऊसतोड मजूर. मराठवाड्यातून आलेली कुटुंबे फडाच्या कडेला कोप्या घालतात. आई-बाप पहाटे तोडणीला जातात, मुले कोपीत किंवा उसाच्या पाचटाजवळ राहतात. दार नाही, दिवा नाही, शौचालय नाही. इथे साधनाची निवड मजुराच्या हाती नसतेच. ती साखर कारखान्याच्या आणि मुकादमाच्या हाती असते. कोप्यांचा तळ फडापासून लांब, मोकळ्या जागी, भोवती जाळीचे कुंपण, रात्रभर दिवे आणि मुलांसाठी दिवसा राखणीची सोय, एवढ्या गोष्टींचा खर्च एका हंगामाच्या उलाढालीत नगण्य आहे. तोडणीत पिल्ले सापडली तर ती उचलून गावात फिरवू नयेत. ती जिथे सापडली तिथेच, वनकर्मचाऱ्यांच्या देखरेखीखाली, संध्याकाळी टोपलीत किंवा पेटीत ठेवली की मादी बहुधा रात्रीत येऊन घेऊन जाते. पिल्ले हरवलेली मादी त्या शिवारात शोधत फिरते, आणि तो शोध मजुरांना महागात पडतो.

प्रत्यक्ष गाठ पडली तर बिबट्यासाठी नियम असे आहेत. पळायचे नाही, वाकायचे नाही, बसायचे नाही. मूल सोबत असेल तर नजर बिबट्यावर ठेवूनच त्याला जवळ ओढून उचलायचे. दोन्ही हात वर करून, घोंगडी किंवा सदरा उंच धरून अंग मोठे दाखवायचे, ओरडायचे आणि पाठ न दाखवता मागे सरकायचे. त्याला निघून जायला वाट ठेवायची. झडप पडलीच तर पडून राहायचे नाही. कोपर, दगड, विळा, काठी, जे हाती असेल त्याने नाक आणि डोळ्यांवर मारायचे आणि दुसऱ्या हाताने मान झाकायची. बिबट्याला सहज मिळणारे सावज हवे असते. सावज झुंजले आणि आरडाओरड झाली की तो पुष्कळदा सोडून जातो.

जखम लहान दिसली तरी ती वाहत्या पाण्याखाली साबणाने निदान १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तंबाखू लावू नये. वन्यप्राण्याच्या चाव्यातून रेबीज होऊ शकतो, म्हणून लस आणि खोल जखमेसाठी प्रतिपिंडांचे इंजेक्शन त्याच दिवशी मिळाले पाहिजे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि वनविभागासाठी १९२६ हे क्रमांक घराच्या भिंतीवर लिहिलेले असावेत. बळी गेल्यास शासनाकडून २५ लाख रुपये मदत मिळते आणि जखमींसाठीही तरतूद आहे. त्यासाठी वनविभागाला वेळेत कळवणे आणि पंचनामा होणे आवश्यक असते.

बळी गेला की गावाची पहिली मागणी पिंजऱ्याची असते, आणि ती समजण्याजोगी आहे. माणूस मारणारा ठरावीक बिबट्या पकडला गेलाच पाहिजे. पण दिसेल तो बिबट्या पकडून दुसऱ्या जंगलात सोडण्याचा परिणाम काय होतो, हे जुन्नरने दाखवून दिले आहे. तिथे २००१ ते २००३ या काळात मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून अन्यत्र सोडले गेले. अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात आढळले की माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले आणि त्यांतले प्राणघातक हल्ल्यांचे प्रमाण १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर पोहोचले. परक्या मुलखात सोडलेला बिबट्या घराकडे चालू लागतो, आणि रिकाम्या झालेल्या हद्दीत दुसरा येतो. पकडण्याच्या तणावाचाही त्याच्यावर परिणाम होत असावा. या चालण्याचा पुरावा पारनेर तालुक्यानेच दिला. २००९ च्या उन्हाळ्यात टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेला एक वयस्क नर बाहेर काढून, गळ्यात संदेश देणारा पट्टा बसवून, माळशेज घाटात सोडण्यात आला. अभ्यासकांनी त्याचे नाव 'आजोबा' ठेवले. काही आठवड्यांत तो महामार्ग, लोहमार्ग आणि वस्त्या ओलांडत सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला. वाटेत त्याने कुणावर हल्ला केल्याची नोंद नाही. २०११ च्या डिसेंबरात मुंबई–अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला. विहिरीला कठडा असता, तर तो टाकळीच्या शिवारातच राहिला असता. जुन्नर तालुक्यातल्या माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रात जन्मभर ठेवलेल्या बिबट्यांची संख्या पाहिली, तर पिंजरा हा कायमचा उपाय होऊ शकत नाही हे कळते. तितक्या पिंजऱ्यांना जागाच नाही.

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०११ मध्येच बिबट-मानव संघर्षासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्यांत सरसकट स्थलांतर टाळणे, गर्दी आवरणे आणि स्थानिक पथके तयार करणे यांवर भर आहे. पारनेर, शिरूर, जुन्नर, कोपरगाव, संगमनेर या तालुक्यांतल्या ग्रामपंचायतींनी आपल्या ग्रामसभेत एक ठराव तातडीने करावा आणि महावितरणकडे, जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा : बिबट्याचा वावर असलेल्या शिवारातले कृषी फीडर दिवसाच्या विजेसाठी आधी घ्यावेत, आणि तोवर त्या फीडरवरची रात्रीची पाळी बंद करावी.